रुमालाखालचा होकार

माझ्या नवऱ्यानं उभ्या आयुष्यात मला एक गोड शब्द बोलून दाखवला नाही. हळदीच्या पेठेत जन्म गेलेला माणूस, तोंडानं बोलायची सवयच नाही. मन खुश असलं की जेवणानंतर माझा हात हातात घ्यायचा आणि तळहातावर अंगठा दाबून धरायचा. म्हणजे पक्का. म्हणजे आज सगळं झकास आहे, माझी काही तक्रार नाही, तुझी असेल तर उद्या सांग. त्याच अंगठ्यावरून एका कंपनीनं आमचं राहतं घर लिहून घेतलं. कसं, ते ऐका.

आमच्या यांना सगळी सांगली अण्णा म्हणते. अण्णासाहेब मगदूम, हळदीचे अडते. तरुणपणी यांनी सौदे केले ते रुमालाखाली. आता यार्डात यंत्राचं नाक हळद हुंगतं आणि भाव पडद्यावर पडतो, त्यामुळं आजच्या पोरांना ते खरं वाटत नाही. पण तेव्हा दोघं व्यापारी समोरासमोर बसायचे, हातांवर रुमाल टाकायचे आणि खालून बोटं धरून भाव सांगायचे. एक बोट, दोन बोटं, सबंध पंजा, सगळ्याला अर्थ. पटलं की समोरच्याच्या तळहातावर अंगठा दाबायचा. बाजूच्याला पत्ता नाही. पुढं सरकारनं ही पद्धत बंद केली, लबाडी होते म्हणून. होतही असेल. पण आमच्या घरात ती चालूच राहिली.

लग्नकार्यात आहेर किती घालायचा, कुणाला उसने किती द्यायचे, जागेवाल्याला कितीवर अडवायचं, मी कधी माझ्या मनानं आकडा बोलले नाही. पदराखाली हात पुढं करायचा आणि यांच्या बोटांना विचारायचं. माझी नणंद चिडवायची, ‘वहिनी, तुझ्या पदराखाली अडत दुकान हाय गं.’ मी म्हणायची, ‘असू दे की, झाकली मूठ सव्वा लाखाची.’

मग अण्णांच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. उजवी बाजू गेली, डावा हातही लुळा पडला, मान हलेना, वाचा गेली. वाचणं-लिहिणंही गेलं. अक्षरं दिसायची, पण त्यांचा अर्थ लागायचा नाही. माणूस डोळे उघडे ठेवून पलंगावर पडलेला, आणि आपण त्याच्याशी भिंतीशी बोलल्यासारखं बोलायचं. मी देवापुढं बसून भांडले. काय उपयोग?

तेव्हा पद्मजानं ती मनगटी आणली. पद्मजा आमची एकुलती एक लेक, मिरजेला औषधांच्या कारखान्यात नोकरी करते. मनगटी म्हणजे मनगटावर बांधायची रुंद, मऊ पट्टी. आतल्या बाजूला तांदळाएवढे धातूचे ठिपके आणि वर एक हिरवा दिवा.

डॉक्टरांनी मला समजावलं ते असं. बोट हलवायचं मनात आलं की मेंदूतून हुकूम सुटतो आणि मज्जातंतूंमधून हाताच्या स्नायूंपर्यंत येतो. तिथं अगदी बारीक वीज खेळते आणि बोट हलतं. अण्णांची ती वाट जवळजवळ उद्ध्वस्त झाली होती, पण चार-दोन तंतू शिल्लक होते. हुकूम पोचत होता, फक्त बोट उचलायचं बळ त्यात नव्हतं. मनगटी ती दुबळी वीज टिपते. कुठल्या स्नायूत किती, कशाच्या पाठोपाठ काय, हे कंपनीच्या दूरच्या यंत्राकडं पाठवते. ते यंत्र शिकत जातं, की ही खूण म्हणजे ‘पाणी’, ही म्हणजे ‘नको’. आणि मनगटी तो शब्द मोठ्यानं बोलते.

ऐकायला सोपं. महिनाभर काही म्हणजे काही झालं नाही. व्यायाम घेणारी मुलगी यायची, म्हणायची, ‘आजोबा, तर्जनी उचलायचा विचार करा.’ मनगटी ढिम्म. ती पोरगी शेवटी हळूच म्हणाली, ‘आजी, सगळ्यांनाच जमतं असं नाही.’

मला आला राग. खांद्यावरचा टॉवेल काढला, अण्णांच्या हातावर टाकला, खाली माझा हात घातला, त्यांची दोन बोटं धरली आणि म्हटलं, ‘अहो, दोनाला मागतेय. देता का?’

हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

डॉक्टर म्हणाले, बोलणं मेंदूच्या एका भागात राहतं आणि जन्मभराची हाताची सवय दुसऱ्या भागात. ते दुसरं घर शाबूत होतं. आम्ही रोज सौदे करायला लागलो. पद्मजानं एकेका खुणेला शब्द जोडला. एक बोट ‘हो’, दोन ‘नाही’, तीन ‘पाणी’, सबंध पंजा ‘मालन’. मालन म्हणजे मी. अंगठ्याची खूण कंपनीनं मनगटीत आधीच ‘स्वीकार’ म्हणून भरलेली होती. पद्मजानं फक्त तिचा शब्द बदलून ‘पक्का’ केला.

पहिल्यांदा मनगटी ‘मालन’ म्हणाली तेव्हा मी हातातलं ताट खाली ठेवलं आणि भोकाड पसरलं. लाज कसली? नवरा परत आला होता.

आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. त्यानंतर मी अण्णांच्या खुर्चीशेजारी बसायची, हातांवर टॉवेल टाकायची आणि दिवसभराचं सांगायची. भाजीवाली कशी मापात मारते, पद्मजाचा साहेब कसा छळतो. सगळं ऐकून मनगटी म्हणायची, ‘पक्का.’ समोरच्या टेबलावर तिचा पडदा उभा केलेला असायचा. त्यावर काहीबाही अक्षरं यायची, आलेख वरखाली व्हायचे. मला वाटायचं, जाहिराती असतील.

जाहिराती कसल्या! एका सकाळी जप्तीची नोटीस आली.

पद्मजा रजा टाकून धावत आली. पडदा उघडून बसली आणि वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. मनगटी एवढी स्वस्त का, हे तेव्हा कळलं. तिच्यासोबत वायदेबाजाराचं खातं येत होतं. खातं नको म्हटलं तर मनगटी चालू होत नव्हती. कंपनीला अण्णांचा जुना धंदा माहीत होता, म्हणून ती रोज संध्याकाळी पडद्यावर हळदीच्या वायद्याचा एक प्रस्ताव ठेवायची. घेता का? ‘स्वीकार’ची खूण आली की सौदा झाला. खिशात पैसे नसले तरी कंपनी उसने देणार, आणि त्याला तारण म्हणून खातेदाराचं घर. हळदीचा भाव पडला. उसनवारी फुगत गेली.

‘आई, हे बघ,’ पद्मजा म्हणाली. ‘सगळे सौदे संध्याकाळचे आहेत. जेवण झाल्यावर, दिवेलागणीच्या आधी. सकाळी एकही नाही, दुपारी एकही नाही. असं का?’

मला लगेच कळलं. पद्मजाला कुठं ठाऊक होतं? तो अंगठा माझ्यासाठी होता. अण्णा रोज मला ‘पक्का’ म्हणत होते, आणि ती सटवी पट्टी तो होकार उचलून बाजारात नेऊन विकत होती.

‘तू अटी वाचल्या नाहीस?’ मी विचारलं.

‘पन्नास पानं होती गं. खाली ‘मान्य’ लिहिलेलं होतं, मी दाबलं. सगळेच दाबतात.’ आणि ती रडायला लागली. मी तिला काय बोलणार? मी असते तर वाचलंही नसतं आणि दाबलंही असतं.

आमचे वकील खवाटे. अण्णांच्या मित्राचा मुलगा, म्हणून मी त्याला अरेतुरे करते. त्यानं अटींमधलं एक कलम मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘मनगटीने ओळखलेला प्रत्येक संकेत हा खातेदाराने पूर्ण विचारांती दिलेला आदेश मानला जाईल. आजार, अनवधान अथवा गैरसमज ही सबब ग्राह्य धरली जाणार नाही. याबाबत कंपनीची नोंद हाच अंतिम पुरावा राहील.’

‘चोर तो चोर, वर शिरजोर,’ मी म्हटलं. ‘चोरी त्यांनी करायची आणि साक्षीदारही तेच?’

‘काकू, असल्या जाचक अटी ग्राहक आयोग रद्द करू शकतो. कायदा आपल्या बाजूनं आहे.’ मग तो चष्मा पुसत बसला. मला वकिलांचं चष्मा पुसणं आवडत नाही.

‘बोल की बाबा.’

‘ते एक प्रश्न विचारणार. अण्णा मनगटीतून ‘पाणी’ म्हणाले, ते खरं. ‘मालन’ म्हणाले, तेही खरं. मग ‘पक्का’ तेवढाच खोटा कसा? वीज तीच, यंत्र तेच. अण्णांना कळतं म्हणाल, तर सौदेही त्यांचे. सौदे त्यांचे नाहीत म्हणाल, तर अण्णांना काही कळत नाही, असं होतं.’

‘अरे, पण त्यांना सौदा कळत नव्हता! पडदा वाचता येत नाही त्यांना!’

‘ते आपल्याला ठाऊक आहे. सिद्ध करायला वर्षं लागतील. तोवर घर राहील का, ते मी सांगू शकत नाही.’

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. दुसरं काय म्हणायचं याला?

खवाटेनं अण्णांच्या नावानं आयोगाकडं तक्रार टाकली, आणि पंधरवड्यात कंपनीच्या बाई पडद्यावर आल्या. दळवी आडनाव, तरुण, आवाज अगदी साखर. त्यांना म्हणे आमच्याबद्दल सहानुभूती होती. कंपनी सगळी येणी माफ करायला तयार होती. घर मोकळं, तारण रद्द. बदल्यात आम्ही लिहून द्यायचं, की अण्णांच्या मनगटातून येणारे संकेत असंबद्ध आहेत, त्यामागं कसलाही विचार नाही. आणि तक्रार मागं घ्यायची.

‘आणि मनगटी?’ मी विचारलं.

‘असंबद्ध संकेत असलेल्या व्यक्तीला सेवा देता येत नाही, मॅडम. ती बंद होईल.’

‘दुसऱ्या कुठल्या कंपनीची घेऊ.’

‘घेऊ शकता. पण ही नोंद सगळ्या कंपन्यांना दिसते. त्या देतील असं मला वाटत नाही.’

कंपनीला अटींवर निकाल नको होता, हे शेंबडं पोरही सांगेल. एकदा आयोगानं ते कलम फाडलं की अशा हजार घरांचे दरवाजे उघडले असते. त्यापेक्षा एका म्हाताऱ्याला मुका ठरवणं परवडलं.

त्या दिवशी घरात मोठं भांडण झालं. पद्मजा म्हणाली, सही करून मोकळं व्हायचं. ‘घर गेलं तर अण्णांना कुठं ठेवायचं? माझ्या दोन खोल्यांत? त्यांचा पलंग तरी मावेल का? आणि चूक माझी आहे आई, मला हे सहन होत नाही.’

‘आणि त्यांची वाचा?’

‘तू बोल ना त्यांच्याशी. ऐकू तर येतंय.’

‘मी कधी एकटी बोलले नाही गं त्यांच्याशी,’ मी म्हटलं. ‘मी त्यांना विचारते.’

‘नको! त्यांना कशाला ताप?’

‘चाळीस वर्षं न विचारता मी रुपया कुणाला दिला नाही. आता घर आणि वाचा, एवढा मोठा सौदा त्यांच्या मागं करू?’

तक्रार आयोगापुढं होती, म्हणून कंपनीनं खातं तेवढं गोठवलेलं होतं. मनगटी अजून बोलत होती. मी अण्णांच्या हातावर टॉवेल टाकला. एकेक गोष्ट समजावून सांगितली, हळू, दोनदा. घर जाईल म्हणजे काय, मनगटी जाईल म्हणजे काय. ते माझ्याकडं टक लावून बघत होते. मग मी विचारलं, ‘एक बोट म्हणजे घर राहू दे. दोन म्हणजे मनगटी राहू दे. सांगा.’

दिवा लुकलुकला. ‘हो,’ मनगटी म्हणाली. एक बोट.

‘नीट विचार करा. घराचं काय, विटामातीचं. मी भाड्याच्या खोलीत राहीन. चुलीपुढं झोपीन.’

‘नाही. मालन. नाही.’

‘अहो, तुम्ही गप्प झाला तर मी काय करू?’

त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं, उजवा कोरडाच राहिला. मग मनगटी म्हणाली, ‘पक्का.’

मी टॉवेल ओढून काढला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. म्हातारा कायमचा हट्टी. आणि माझ्या छपरासाठी गप्प बसायला निघालाय, हे मला कळत होतं, म्हणून जास्त राग येत होता.

तडजोडीचा दिवस आला. खवाटे आणि पद्मजा घरीच आले होते. दळवीबाई पडद्यावर. त्यांनी सगळा मजकूर वाचला, ‘कोणताही विचार नाही’ हेही वाचलं, अण्णांच्या तोंडावर वाचलं. खातं पद्मजानं उघडलेलं, म्हणून खाली तिनं आपली सही केली. मग दळवीबाई म्हणाल्या, ‘आता खातेदारांची संमती. काका, मान्य असेल तर मनगटीवर स्वीकाराची खूण द्या.’

क्षणभर मला वाटलं, माझे कान वाजले.

‘काय म्हणालात?’

‘खातेदारांची संमती लागते, मॅडम.’

‘अहो बाई, तुम्ही आत्ता वाचलंत की ह्यांच्या खुणेला काही अर्थ नाही! आणि त्याच खुणेवर त्याच कागदाला संमती घेता? सौदा करायला ह्यांचा अंगठा शहाणा, बोलायला वेडा, आणि पुन्हा कागद पक्का करायला शहाणा? लाज नाही वाटत?’

दळवीबाईंचं तोंड लाल झालं. ‘प्रक्रिया तशी आहे,’ त्या पुटपुटल्या. वाईट पोरगी नव्हती ती. तिच्याही गळ्यात कुणीतरी पन्नास पानं बांधली असणार.

खवाटे माझ्या कानाशी आला. ‘काकू, थांबा! हे रेकॉर्ड झालंय. एवढ्यावर आयोगापुढं त्यांची लक्तरं काढता येतील. लढू या. नाही म्हणा!’

मी अण्णांकडं वळले. माझ्या डोळ्यांत त्यांना दिसलं असणार मी काय करणार ते, कारण दिवा लगेच लुकलुकायला लागला.

‘मालन,’ मनगटी म्हणाली. ‘मालन. नाही.’

‘लढू या की हो. जिंकू आपण.’

‘नाही. घर.’ हा शब्द पद्मजानं आदल्याच रात्री जोडून दिला होता. का दिला, देव जाणे. ‘घर. मालन. घर.’

काय करायचं होतं मी? त्यांचा शब्द मोडून ‘नाही’ म्हणायचं होतं? मग कंपनीत आणि माझ्यात फरक काय उरला? तीही म्हणत होती, ह्या माणसाच्या म्हणण्याला किंमत नाही. मीही तेच म्हटलं असतं, फक्त प्रेमानं म्हटलं असतं. खवाटे माझ्याकडं बघत होता. मी त्याला मानेनंच नको म्हटलं आणि अण्णांच्या हातावर टॉवेल टाकला. निदान तेवढं तरी झाकून होऊ दे. त्यांचा हात मी दोन्ही हातांत धरला.

‘पक्का,’ मनगटी म्हणाली.

‘धन्यवाद,’ दळवीबाई म्हणाल्या. हिरवा दिवा विझला.

घर राहिलं. सांगलीच्या वखारभागात तेच घर, तीच खिडकी, तीच खुर्ची. जेवणं उरकली की मी अजून शेजारी बसते आणि भाजीवालीचं सांगते. टॉवेलाखाली त्यांची बोटं धरते. वीज तिथं येत असणार, डॉक्टरही म्हणतात येत असणार. पण माझ्या कातडीला ती कळत नाही. कधी वाटतं, अंगठा हलला. मग कळतं, माझाच हात थरथरला. डोळे मात्र बोलायला बघतात, आणि ते बघवत नाही.

एक दिवस मी खवाटेला विचारलं, ‘त्या तडजोडीवर सह्या कुणाच्या आहेत रे?’

‘अण्णांची संमती, पद्मजाची सही.’

‘माझी?’

त्यानं कागद पुन्हा पाहिला. माझी नव्हती. माझं नावच कुठं नव्हतं. मला कुणी विचारलंच नव्हतं.

‘मग माझं ऐक,’ मी म्हटलं. ‘सौद्याला दोन हात लागतात. रोज संध्याकाळी तो अंगठा कुणाला होता? मला. तो होकार माझा होता. कंपनीनं माझ्या हातातला होकार चोरून बाजारात लावला, आणि नंतर तो देणाराच बंद करून टाकला. मी तक्रार करणार, माझ्या नावानं.’

खवाटेनं पुन्हा चष्मा पुसला. म्हणाला, ‘काकू, असं प्रकरण अजून कुणी दाखल केलेलं नाही. टिकेल की नाही, सांगता येत नाही.’ पण ह्या वेळी त्याचं चष्मा पुसणं मला तेवढं वाईट वाटलं नाही.

आयोगाच्या कचेरीत खिडकीपलीकडं एक कारकून बसला होता, पन्नाशीचा, कानात बाळी. तक्रार त्यानं नीट वाचली. मधेच एकदा वाचायचं थांबून माझ्याकडं बघितलं.

‘घर तुमचं वाचलंय ना, बाई?’

‘वाचलंय.’

‘येणी माफ झालीत?’

‘झालीत.’

‘मग गेलं काय?’

‘नवऱ्याचं बोलणं.’

त्यानं पडद्यावर माझं नाव, पत्ता भरला. मग एका रकान्यापाशी येऊन थांबला. ‘भरपाईची रक्कम घालावी लागते. त्याशिवाय पुढं जात नाही हे. किती घालू?’

माझा हात पदराखाली गेला.

‘थांबा जरा,’ मी म्हटलं. ‘त्यांना विचारून सांगते.’